शिडीच्या तळाशी कोण? माकड, माणूस आणि मोजपट्टी

१/
केळवे-माहीमच्या पानवेली आणि नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकून पूर्वेकडे निघाले, की केळवे रोडचे स्थानक लागते आणि रुळांपलीकडे पाडे सुरू होतात. किनाऱ्यावर वाडवळ, मांगेला, भंडारी. आत वारली, मल्हार कोळी, कातकरी. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने या साऱ्या समाजांची नोंद केली. आजचा पालघर तालुका तेव्हा माहीम तालुका म्हणून ओळखला जात असे. त्या नोंदींत कातकऱ्यांची एक कुळकथा आहे. हा धागा त्या कथेपासून सुरू होतो आणि लंडन, बर्लिन, मुंबई व पुणे या वाटेने पुढे जातो.

२/
कथा अशी. रामाने रावणावर स्वारी केली तेव्हा ज्या वानरांनी त्याला साथ दिली, त्यांचे वंशज म्हणजे कातकरी. युद्ध जिंकल्यावर रामाने त्या वानरांना आशीर्वाद दिला आणि ते माणूस झाले. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही मानाची कथा होती. एखादे घराणे सूर्यवंशाशी नाते सांगते, एखादे चंद्रवंशाशी. तसे कातकऱ्यांनी आपले नाते सेतू बांधणाऱ्या सैन्याशी सांगितले. रामाच्या पडत्या काळात उभे राहिलेल्यांची ही वंशावळ होती.

३/
मात्र ती इंग्रजीत छापली गेली, तेव्हा वाचक बदलला. डार्विनचे मानवाच्या उत्पत्तीवरील पुस्तक १८७१ मध्ये आले होते आणि गॅझेटियर निघाले त्याच वर्षी डार्विनचे निधन झाले. त्या काळच्या युरोपीय वाचकाच्या लेखी 'वानरांचे वंशज' या शब्दांचा अर्थ शिडीची सर्वांत खालची पायरी असा होता. पाड्यावर जे वाक्य अभिमानाने उच्चारले गेले, तेच वाक्य कचेरीत कमीपणाचा पुरावा म्हणून वाचले जाऊ शकत होते.

४/
माणसाची माकडाशी तुलना ही विज्ञानाला फार उपयोगी पडलेली गोष्ट आहे. त्याच तुलनेने गेल्या तीनशे वर्षांत अनेक समाजांना माणुसकीच्या उंबऱ्याबाहेरही ढकलले आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसे घडले, आणि महाराष्ट्रातील तीन अभ्यासकांनी त्याला काय उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे.

५/
आधी शब्दांचा खुलासा. मराठीत लाल तोंडाचे ते माकड, काळ्या तोंडाचे व लांब शेपटीचे ते वानर. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान या बिनशेपटीच्या कपींसाठी रोजच्या बोलीत शब्दच नाही, कारण ते आपल्या रानात कधी नव्हते. भारतात कपिकुळातला प्राणी म्हणजे ईशान्येकडील गिबन तेवढा. 'माणूस माकडापासून झाला' हे वाक्यही नेमके नाही. माणूस आणि चिंपँझी यांचा पूर्वज समान होता आणि त्यांच्या वाटा साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटल्या. चिंपँझी आपला आजोबा नव्हे. तो चुलत भावंडांत बसणारा.

६/
१६९९ साली लंडनच्या एडवर्ड टायसन या वैद्याने अंगोलातून आणलेल्या एका लहान, आजारी पडून मेलेल्या चिंपँझीचे शवविच्छेदन प्रसिद्ध केले. त्याने याद्या केल्या: ४८ बाबतींत हा प्राणी माकडांपेक्षा माणसाच्या जवळ, तर ३४ बाबतींत माणसापेक्षा माकडांच्या जवळ. काम काटेकोर होते. पुस्तकातल्या चित्रात मात्र तो चिंपँझी हातात काठी घेऊन दोन पायांवर उभा आहे. मोजणी प्रामाणिक आणि चित्र आधीच ठरलेले, ही जोडगोळी पुढे पुन्हा पुन्हा भेटते.

७/
मग आला चेहऱ्याचा कोन. हॉलंडचा शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कँपर हा चित्रकारांना शिकवताना कपाळ आणि जबडा यांना जोडणारी रेषा आखून कोन मोजत असे. त्याचे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ओरांगउटानचा कोन ५८ अंश, आफ्रिकी तरुणाचा ७०, युरोपीयाचा ८० आणि ग्रीक शिल्पाचा १००.

८/
या मालिकेतील शेवटचा आकडा नीट पाहावा. १०० अंशांचा चेहरा कोणत्याही जिवंत माणसाचा नाही. तो संगमरवराचा आहे. शिडीचे वरचे टोक कल्पनेने ठरवले होते आणि खालचे टोक दुसऱ्या जातीच्या प्राण्याने. मधल्या माणसांची उतरंड या दोन टोकांमुळे दिसू लागली. स्वतः कँपर सर्व माणसे एकाच मूळ जोडप्याची संतती मानत असे. त्याच्या आकृत्या वापरणाऱ्या अनेकांनी ही श्रद्धा बाजूला ठेवली आणि शिडी तेवढी उचलली.

९/
१८५४ साली अमेरिकेत नॉट आणि ग्लिडन यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. गुलामगिरीवरून तो देश दुभंगण्याच्या बेतात होता. त्यातील एका पानावर अपोलोच्या पुतळ्याचे मस्तक, कृष्णवर्णीय माणसाचे मस्तक आणि चिंपँझीचे मस्तक, आणि प्रत्येकाशेजारी कवटी. मधल्या कवटीचा जबडा चित्रात पुढे ओढलेला आहे आणि चिंपँझीची कवटी फुगवलेली आहे. दोघांमधले अंतर चित्रकाराच्या कुंचल्याने कमी केले. गुलामांच्या मालकांना हवा तो निष्कर्ष वाचकाने स्वतः काढावा, अशी ती मांडणी होती.

१०/
डार्विन आणि हक्सली यांनी खरे तर ही शिडी मोडण्याचे साधन हाती दिले होते. हक्सलीने १८६३ मध्ये हाडे, दात, मेंदू यांची तुलना करून दाखवले की माणूस आणि कपी यांच्यातील फरक हा कपी आणि खालच्या प्रतीची माकडे यांच्यातील फरकापेक्षा मोठा नाही. उत्क्रांतीचा आकार झाडाचा आहे. झाडाला फांद्या असतात. सर्व जिवंत फांद्यांची टोके आजच्याच दिवसात असतात. त्यांतली कोणती 'मागे राहिलेली' असे म्हणता येत नाही.

११/
तथापि स्वतः डार्विनलाही आपल्या काळाची शिडी सोडता आली नाही. गुलामगिरीचा त्याला मनापासून तिटकारा होता. तरी १८७१ च्या ग्रंथात त्याने भाकीत केले की 'सुधारलेले' वंश 'रानटी' वंशांचा नायनाट करतील आणि मोठे कपीही नष्ट होतील. मग आज एका बाजूला आफ्रिकी वा ऑस्ट्रेलियन माणूस व दुसऱ्या बाजूला गोरिला यांच्यात जे अंतर आहे, ते आणखी वाढेल. झाड शोधणाऱ्याच्याच लिखाणात शिडी शाबूत राहिली.

१२/
ही शिडी वर्णावर तरी स्थिर होती काय? नव्हती. त्याच काळात लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात आयरिश माणूस कपीच्या तोंडवळ्याचा रंगवला जात असे. आयरिश लोक गोरे होते, ख्रिस्ती होते. पण गरीब होते आणि इंग्रजांच्या सत्तेला विरोध करत होते. ज्याच्यावर राज्य करायचे त्याचा चेहरा माकडासारखा दिसू लागतो. चेहरा तोच असतो, पाहणाऱ्याची गरज बदललेली असते.

१३/
या साऱ्याचे टोक १९०६ मध्ये न्यू यॉर्कला गाठले गेले. काँगोतील ओटा बेंगा या तरुणाला ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घरात, ओरांगउटानच्या सोबतीने, लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले. शहरातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी तीव्र निषेध केला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. परत मायदेशी जाणे त्याला जमले नाही. १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली.

१४/
भारतात ही मोजपट्टी नाकावाटे आली. हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात बंगाल व उत्तर भारतात हजारो माणसांची मापे घेतली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर: हा नासिका-निर्देशांक. ७० च्या खाली ते 'बारीक' नाक, ७० ते ८५ मध्यम, ८५ च्या वर 'रुंद'. युरोपीय मानवमितीत रुंद नाक हे खालच्या वंशांचे लक्षण मानले गेले होते. रिस्लेने ते जातींना लावले आणि नियमच मांडला: निर्देशांक जितका चढा, तितकी जातीची सामाजिक पायरी खालची.

१५/
१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त म्हणून रिस्लेने जातींची सामाजिक क्रमवारी लावण्याचे फर्मान काढले. मराठी मुलूखही सुटला नाही. त्याच्या वर्गीकरणात मराठा ब्राह्मण आणि कुणबी हे दोघेही 'सिथो-द्रविडी' ठरले, कारण त्यांची डोकी रुंद भरली. गंमत अशी, की जातीचा क्रम नाकावर ठरतो म्हणणाऱ्या पद्धतीने महाराष्ट्रात आल्यावर ब्राह्मण आणि कुणबी यांना एकाच पेटीत टाकले. ही विसंगती पुढे इथल्याच अभ्यासकांनी धसास लावली.

१६/
सगळा दोष कॅलिपरवर टाकणे मात्र सोयीचे आणि चुकीचे होईल. कातकऱ्याला गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी कोकणाला कँपरच्या कोनाची गरज पडली नव्हती. शनिवारी मारुतीला तेल वाहणारे गाव त्याच मारुतीच्या सैन्याशी नाते सांगणाऱ्याला ओटीवर येऊ देत नव्हते. वानर देव म्हणून पूज्य होता. वानराचा वंशज म्हणवणारा माणूस दूरच राहिला. पूर्वग्रह आधीचा होता. मोजपट्टीने त्याला आकडा दिला, आणि आकड्याला सरकारी शिक्का मिळाला.

१७/
त्या शिक्क्याचा भार कशावर पडला? कातकरी हे नावच काताशी जोडलेले. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणे हा त्यांचा धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील खैर तोडणे गुन्हा ठरत गेले. धंदा गेला, वेठ आणि कर्ज आले, पुढे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्या आल्या. हे दारिद्र्य इतिहासाने घडवले होते. पण 'हे लोक मुळातच मागासलेले' हे स्पष्टीकरण हाताशी असले, की कायद्याचा हात कोणाला दिसत नाही. मोजपट्टीचे खरे काम इथे होते: घडलेल्या अन्यायाला जन्मजात स्वभावाचे रूप देणे.

१८/
उत्तर द्यायला पहिला उठला तो मालवणचा माणूस. गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून परतून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. जात आणि वंश यांवरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये आला. त्यांनी रिस्लेची पद्धत टाकून दिली नाही. त्याच मापांची प्रांतवार मांडणी करून पाहिली. हिंदुस्थानी पट्ट्यात जातीची पायरी आणि शरीराची ठेवण यांत काही मेळ दिसला. त्या पट्ट्याबाहेर, महाराष्ट्रासह, तो मेळ बसेना. रिस्लेचा नियम सर्व भारताचा नियम नव्हता.

१९/
मापांच्या या गोष्टीला आणखी एक धागा न्यू यॉर्कहून येतो. कोलंबिया विद्यापीठातील फ्रान्झ बोआस यांनी सुमारे १८,००० स्थलांतरित व त्यांच्या मुलांची डोकी मोजून दाखवले होते, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो. कवटी वंशाची अढळ खूण असल्याची समजूत त्यामुळे डळमळली. त्याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर शिकत होते. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी जातींवर जो निबंध वाचला, त्यात युरोपीय अभ्यासक वर्णाला नको इतके महत्त्व देतात, अशी टीका आहे.

२०/
बत्तीस वर्षांनी, १९४८ मध्ये, अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात बाबासाहेबांनी तो प्रश्न पूर्णत्वास नेला. अस्पृश्य हे वेगळ्या, हीन वंशाचे असल्यामुळे अस्पृश्य झाले, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यांच्याच शास्त्राने गाठले. घुर्यांनी दिलेले नासिका-निर्देशांक पुढे ठेवून त्यांनी युक्तिवाद केला: मानवमिती हे वंश ओळखण्याचे शास्त्र असेल, तर ही मापे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे सांगतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड.

२१/
या युक्तिवादाची ताकद त्यातील 'तर' या शब्दात आहे. शास्त्र खरे मानले तर वंशभेद पडतो. शास्त्र खोटे मानले तर त्यावर उभा केलेला वंशभेद तसाही पडतो. पळवाट उरत नाही. शिवाय याचा पुढचा अर्थ अधिक गंभीर होता. अस्पृश्यता निसर्गातून आलेली नसेल, तर ती माणसांनी घडवली. आणि माणसांनी घडवलेले माणसांना मोडता येते. म्हणून हा वाद नाकांचा वाटला तरी तो जबाबदारीचा होता.

२२/
दुसरे उत्तर थेट बर्लिनमध्ये दिले गेले. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या इरावती नदीवरून. शिक्षण पुण्यात, एम. ए. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची ही सून १९२८ मध्ये जर्मनीला गेली. मराठी वाचक त्यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. त्यांच्या पहिल्या मोठ्या संशोधनाचा विषय मात्र होता माणसाची कवटी.

२३/
त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक. नैऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत मिश्रवंशीय कुटुंबांचा अभ्यास करून फिशर यांनी नाव मिळवले होते. गोऱ्या युरोपीयाची बुद्धी श्रेष्ठ आणि तिची खूण कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेत सापडावी, असा त्यांचा कयास होता. कर्वे यांनी तो तपासायचा होता.

२४/
त्यांच्यापुढे १४९ कवट्या होत्या. त्यांतील अनेक पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून, मालकांच्या आप्तांना न विचारता, आणलेल्या होत्या. एका वसाहतीतून आलेली तरुणी दुसऱ्या वसाहतीतून आणलेल्या मृतांची मापे घेत होती, हे चित्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोजमाप पूर्ण झाले आणि निष्कर्ष निघाला: कवटीच्या दोन बाजू सर्वत्रच कमीअधिक असमान असतात, त्याचा वंशाशी संबंध नाही. प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच ही असमानता 'सामान्य' असल्याचे म्हटले आहे.

२५/
हे धाडस केवढे होते, ते पुढील इतिहासावरून कळते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांची सक्तीने नसबंदी झाली. त्यात फिशर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा हात होता. युद्धकाळात या संस्थेचे धागे आउश्वित्झमधील योझेफ मेंगेलपर्यंत पोहोचले. शिडीच्या कोणत्या पायरीखाली माणूस संपतो, हे ठरवण्याचा अधिकार काही लोकांनी स्वतःकडे घेतला होता. त्याच इमारतीत काही वर्षे आधी पुण्याच्या एका विद्यार्थिनीने आकडे मांडून 'नाही' म्हटले होते.

२६/
कर्वे यांना संत करण्याचेही कारण नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावरही त्या मापे घेतच राहिल्या. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेला महाराष्ट्राच्या मानवमितीचा अभ्यास १९५१ चा आहे. डोकी आणि नाके मोजून समाज कळतो, या विश्वासाचा काही अंश त्यांच्यात उरला होता. पण प्रश्न बदलला होता. कोण वर, कोण खाली हे त्यांना विचारायचे नव्हते. आज एका नावाखाली बसणारे गट मुळात एकत्र होते काय, हे त्यांना विचारायचे होते. शिडी आडवी झाली होती.

२७/
आज नाकांची जागा जनुकांनी घेतली आहे. चिंपँझीचा जनुकीय आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुळणाऱ्या भागांत माणसाशी त्याचा अक्षरागणिक फरक सुमारे १.२ टक्के. कोणत्याही दोन माणसांतील फरक सुमारे ०.१ टक्का. आणि १९७२ मध्ये रिचर्ड लेवोंटिन यांनी दाखवले, की माणसांतील जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच लोकसमूहाच्या आत आढळतो. म्हणजे केळव्याच्या एकाच आळीतल्या दोन घरांतही मानवजातीच्या विविधतेचा मोठा वाटा सापडतो.

२८/
तुलनेचा चांगला उपयोग पाहायचा तर सिंधुदुर्गात जावे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग परिसरात दिसला. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू माकडांनाही मारतो आणि माणसांनाही. म्हणून रानात मेलेले माकड दिसले की आरोग्य खात्याला कळवायचे, हा तिथला धडा. इथे माकड आपल्यासारखे असणे हा जीव वाचवणारा इशारा आहे. ही तुलना कोणालाही खाली ढकलत नाही, कारण तिच्यात एका बाजूला सगळी माणसे एकत्र उभी आहेत.

२९/
वाईट उपयोगासाठीही दूर जावे लागत नाही. १७ ऑक्टोबर २००७ रोजी वानखेडे स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात काही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्स या कृष्णवर्णीय वंशाच्या खेळाडूकडे पाहून माकडाचे हावभाव केले. पोलिसांनी काहींना ताब्यात घेतले. त्या दिवसांत एक बचाव ऐकू येत होता: आपल्याकडे माकड म्हणजे हनुमान, त्यात अपमान कसला? पण संघातील इतर दहा खेळाडूंना तो 'मान' मिळाला नाही. देवाचे नाव घेऊन शिडीच वापरली गेली होती.

३०/
आता पुन्हा पाड्यांकडे. १९७० च्या दशकात सरकारने काही जमातींना 'आदिम' असे वेगळे नाव दिले. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. हेतू मदतीचा होता. कसोट्या होत्या शेतीपूर्व तंत्रज्ञान, अत्यल्प साक्षरता, वाढ खुंटलेली लोकसंख्या. २००६ मध्ये केंद्राने इंग्रजीतील 'आदिम' काढून 'विशेष असुरक्षित' असा शब्द घेतला. मराठी बोलण्यात आणि कागदांत मात्र 'आदिम जमाती' हे नाव अजून भेटते. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणारे कुटुंब हे विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या बाजारपेठेचे अपत्य आहे. त्याला 'आदिम' म्हणणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याची तारीख पुसून टाकणे.

३१/
या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट उरते. 'अमका माणूस माकडाच्या जवळचा' हे विधान माकडाविषयी काहीच सांगत नाही. ते दोन माणसांमधले विधान असते. माकड साक्षीला उभे केलेले असते. त्यामुळे अशी तुलना समोर आली, की तीन गोष्टी तपासाव्यात. शिडीची टोके कोणी ठरवली? मधल्या पायऱ्यांवर कोण उभा आहे? आणि तो तिथे असण्याचा फायदा कोणाला होतो?

३२/
घुर्ये, आंबेडकर आणि कर्वे यांनी मोजपट्टीला घाबरून मोजणे सोडले नाही. तिने आधीच ठरवून ठेवलेले उत्तर मात्र त्यांनी स्वीकारले नाही. आणि या तिघांच्या कितीतरी आधी, कोणत्याही कवटीला हात न लावता, ठाण्याच्या रानातील एका समाजाने वानराशी असलेले नाते वेगळ्या रीतीने सांगून ठेवले होते. त्या कथेत नाक नाही, कपाळाचा कोन नाही, वर्ण नाही. संकटात कोण कोणाच्या बाजूने उभे राहिले, एवढेच त्यात मोजले आहे.

(धागा समाप्त)